खाटेला बांधलेली घंटी

मी घंटी. देवळातली समजून हात जोडू नका. मी गाईच्या गळ्यातली, लिंबाएवढी, पितळेची. सध्या माझा मुक्काम एका खाटेला आहे. बोलायला बसले खरी, पण माझ्यापाशी शब्द एकच, आणि तोही दुसऱ्याने हलवल्याशिवाय बाहेर पडत नाही. तेव्हा सगळं नीट सांगता येईल की नाही, याची माझी मलाच शंका आहे. तरी ऐका. ज्या घराने मला बांधलंय, त्या घरात सध्या कोणीच धड बोलत नाही.

भंडाऱ्याकडच्या एका ओताऱ्याच्या भट्टीत मी जन्मले. त्याने मला ओतलं, घासलं, पोटात लोखंडी जीभ टांगली आणि कानाशी धरून हलवलं. ‘बोलते,’ म्हणाला. एवढंच माझं बारसं.

गोंदियाकडच्या प्रतापगडला, महाशिवरात्रीच्या जत्रेत, सुकराम नावाच्या शेतकऱ्याने मला निवडलं. लोक महादेवाला नारळ फोडून उतरताना तिथल्याच दर्ग्यावरही माथा टेकत होते; सुकरामने दोन्हीकडे टेकला आणि मला धोतराच्या सोग्यात बांधून घरी आणलं. कवडी नावाच्या कालवडीच्या गळ्यात मी पडले. ती मोठी झाली, कळपाच्या पुढे चालू लागली, आणि मी जंगलाच्या कडेकडेने दिवसभर बोलत राहिले. माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस. काही सांगायचं नव्हतं, नुसतं वाजायचं होतं.

हे तलाव बांधणाऱ्या कोहळी लोकांचं गाव. प्रत्येक घरामागे पाणी. मोठं असलं तर तलाव, लहान असलं तर बोडी. गाय पाण्याला उतरायची, काठच्या चिखलात पोटापर्यंत रुतायची, आणि रुतलेलं जनावर मान हलवत नाही. म्हणून सुकरामच्या घरात एक नियम होता. बायकोला, पोराला, गाई राखणाऱ्या गायक्याला, सगळ्यांना तो एकाच ठेक्यात सांगायचा, “घंटी वाजून राहिली तं ढोर चरून राहिलं. घंटी थांबली तं आधी पाण्याकडे धाव.”

या नियमाने कवडी दोनदा वाचली. आणि याच नियमाने पुढे काय केलं, तेच मला सांगायचं आहे.

सुकराम गेला, मागोमाग कवडीही गेली. मी गोठ्यातल्या खुंटीवर लटकले. माझ्या तोंडात कोळ्याने घर केलं. पितळेला गंज चढत नाही म्हणतात. चढतो, हिरवट रंगाचा, आणि आतून चढतो.

मग घरात सून आली. रेणू. गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीची, बी.ए. झालेली, बोलताना मधूनच हिंदीत शिरणारी. हिला भीती वाटायला कारण लागत नसे. कारण ती नंतर मोबाइलवर शोधायची. कुकरची शिट्टी उशिरा झाली तरी भीती, लवकर झाली तरी भीती. ‘मैं ना, उगाचच घाबरते,’ असं ती स्वतःच म्हणायची, आणि म्हणून झाल्यावर पुन्हा घाबरायची. तिला खुशी झाली, खुशी पाय टाकायला लागली, आणि घरामागे बोडी. रेणूची झोपच उडाली.

सुकरामच्या बायकोने, सुशीलाबाईने, मला खुंटीवरून काढलं. चिंचेने घासलं, राखेने पुसलं आणि खुशीच्या कमरेच्या करदोड्यात ओवलं.

“आई, ती काय वासरू आहे का?” रेणू लाजून म्हणाली.

“वासरूच होय. तू आपलं काम कर व, मी आयकून राहिली.”

सुशीलाबाईचा आवाज तेव्हा असा होता, की तिने आपल्या बांधावरून हाक मारली तर तलावाच्या पलीकडच्या पाळीवरचा माणूस वळून बघे. तो खणखणीत आवाज मला माझ्याच नात्यातला वाटायचा. रेणूला तिने नियम शिकवला: घंटी थांबली की आधी पाण्याकडे. रेणू तो इतका शिकली, की खुशी झोपली आणि मी गप्प झाले तरी ती बोडीकडे एक चक्कर मारून यायची. स्वतःवर हसायची, पण जायची.

मग सुशीलाबाईचा घसा बसला. धानाची धूळ गेली असेल, सगळे म्हणाले. हळद-दूध झालं, काढे झाले, गावातला इलाज झाला. घसा बसलेलाच. शेवटी तिचा मुलगा योगराज तिला नागपूरला घेऊन गेला. ती परत आली ती गळ्यावर भोक घेऊन. श्वास आता तिथून येई-जाई. आवाजाची पेटीच काढली होती. काही महिने बरे गेले. मग दुखणं दुसऱ्या जागी उगवलं. यावेळी डॉक्टरांनी योगराजला बाजूला घेऊन सांगितलं, की आता घरीच ठेवा, त्रास हलका ठेवू.

योगराज कोहमाऱ्याला ट्रकच्या गॅरेजमध्ये काम करतो. सकाळी जातो, अंधार पडल्यावर येतो. आईने हाक कशी मारायची, हा प्रश्न त्याने सुकरामच्या पद्धतीने सोडवला. खुशीच्या कमरेतून मला सोडलं, खाटेच्या उशाला सैल बांधलं आणि माझी दोरी आईच्या मनगटाला अडकवली. ती कूस वळली तरी मी किणकिणणार. ‘बरी आहे’ हे त्यातूनच कळणार. जोराने वाजले, तर कोणीतरी धावणार.

अशी मी बोलणाऱ्या बाईची जीभ झाले. जीभ म्हणून मी किती कुचकामी आहे, ते मला लगेच कळलं.

मी वाजले की पाणी यायचं. पुन्हा वाजले की गोळी यायची, नाहीतर उशी, नाहीतर भांडं. नाकातल्या नळीतून पेज द्यायची वेळ झाली असेल, असं समजून पेज यायची. वस्तू येत. माणूसही येई म्हणा, पण वस्तूच्या मागे, आणि वस्तू दिली की जाई. बघायला आलेल्या बाया दारातूनच मोठ्याने ओरडून बोलत. तिचा आवाज गेला होता, कान नव्हे. पण माणसांचा असा गोंधळ होतो. शेजारची राजकुमारीबाई म्हणायची, “काही होत नाही तुले, बाई. येत्या धानाच्या रोवण्याले माझ्या जोडीले येशील.” आणि समोरच्या खोलीत जाऊन रेणूला कुजबुजायची, की बापा, किती वाळली. ते कुजबुजणं इकडे स्वच्छ ऐकू येई.

सुशीलाबाईला हवं होतं ते वेगळंच. ती मला वाजवायची आणि रेणू आली की तळहात जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर धरायची. एवढीशी. एवढीशीला आण.

रेणूला कळत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. पहिल्यांदाच कळलं होतं.

“झोपली आहे, आई,” ती सांगायची. बाहेर अंगणात खुशी मोठमोठ्याने कोंबडीला रागावत असायची.

रेणूला वाईट ठरवू नका. नागपूरहून आल्यावर खुशी धावत आजीच्या अंगावर गेली होती, गळ्यातलं भोक आणि नाकातली नळी बघून किंचाळली होती, आणि त्या रात्री तिला ताप आला होता. शिवाय डॉक्टर एकदा म्हणाले होते, यांची ताकद कमी आहे, जंतुसंसर्ग सांभाळा. त्या एका वाक्याची रेणूने भिंत बांधली. हा रोग लागत नाही, हे तिने मोबाइलवर दहा ठिकाणी वाचलं होतं. वाचून झालं की उठून खुशीचे हात धूत होती. मधल्या दाराला तिने जुन्या साडीचा पडदा लावला. ‘थंडी येते,’ असं योगराजला सांगितलं. तोही आईजवळ फार वेळ थांबत नसे. थांबला की त्याला गॅरेजचं काहीतरी आठवायचं.

दर आठवड्याला चंदा नावाची नर्स स्कूटीवरून यायची. तिची एक रीत होती: बॅग उघडण्याआधी ती बसायची. सुशीलाबाईचा हात हातात घेऊन नुसती बसायची, मग दुखण्याचं औषध, जखमेची पट्टी. एकदा तिने रेणूला विचारलं, “आणि तू कशी आहेस?” रेणूने ‘ठीक’ म्हणायला तोंड उघडलं आणि पदर डोळ्यांना लावला. मग हळूच पोरीचं विचारलं. चंदा म्हणाली, हात धुऊन, सर्दी-खोकला नसेल तर खुशाल येऊ दे, दोघींना बरं वाटेल. रेणूने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पडद्याला खालून आणखी एक टाका घातला, वाऱ्याने उडतो म्हणून.

भीतीला माहिती देऊन काही होत नाही. ती ऐकून घेते आणि जागेवरच बसते.

चंदाने जाता जाता दारात आणखी एक गोष्ट सांगितली होती. दिवस आता फार नाहीत. जे करायचं ते करून घ्या. सुशीलाबाईने ते ऐकलं. त्या दुपारपासून तिचा तळहात गुडघ्याच्या उंचीवर जास्त वेळ थांबू लागला. मी वाजून वाजून थकले. ‘पोरीला आणा गं,’ एवढं म्हणायचं होतं मला, आणि तोंडातून किणकिण.

त्या दिवशी धानकापणी जोरात होती. दुपारचं गाव ओस. योगराज कोहमाऱ्याला. राजकुमारीबाई शेतावर जाता जाता डोकावली, दर्ग्यावरून आणलेला लाल धागा तिने सुशीलाबाईच्या मनगटाला बांधला, उरलेला माझ्या कडीला गुंडाळला, ‘हिलेही पुण्य लागू दे’ म्हणाली आणि निघून गेली. रेणू बाजूच्या अंगणात चादरी धूत होती. समोरच्या खोलीत खुशी चटईवर झोपलेली. सुशीलाबाईचा दोरीचा हात छातीवर होता, म्हणून मी तिच्या श्वासाबरोबर बारीक बारीक वाजत होते, आणि रेणूचा एक कान नेहमीप्रमाणे माझ्यावर होता.

पडद्याखालून आधी दोन बोटं आली. मग एक डोळा.

खुशी माझ्याकडे बघत होती. ‘माझी घंटी,’ म्हणाली. आजीकडे तिने बघितलं नाही; बघायचं नाही असं ठरवूनच आली होती. खाटेशी आली, मला धरलं, हलवलं. मग तिची नजर माझ्या दोरीवरून सरकत मनगटावर गेली, मनगटावरून वर गेली. सुशीलाबाईने झटकन पदर गळ्यावर ओढला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. ती पोरीला भीत होती. पोर पुन्हा किंचाळेल, याला भीत होती.

खुशी किंचाळली नाही. खाटेवर चढली. पदराचं टोक उचललं, ओल्या कापडाच्या पट्टीखालून येणाऱ्या वाऱ्यापुढे तळहात धरला आणि थोडा वेळ विचार केला. “आजी इथून फू करते,” ती मला म्हणाली. खरंच मलाच म्हणाली. मग आजीच्या दंडावर डोकं टेकलं आणि अर्धी राहिलेली झोप पुरी करायला लागली.

सुशीलाबाई हललीसुद्धा नाही. पण श्वास चालू, म्हणजे मीही चालू. माझ्या आवाजाने पोर जागी होईल, नाहीतर रेणू येऊन उचलून नेईल. तिने मोकळ्या हाताने पट्टीच्या डब्यातला ओला कापूस काढला आणि माझ्या तोंडात कोंबला.

मी गप्प झाले.

अंगणात कपडे आपटण्याचा आवाज थांबला.

पुढचं मी खाटेवरून ऐकलेलं, आणि थोडं रेणूने नंतर चंदाला सांगितलेलं. घंटी थांबली हे आधी तिच्या हाताला कळलं म्हणे, साबण निसटला. सासू गेली, असं मनात येऊन ती धावत समोरच्या खोलीत आली. चटई रिकामी होती. बाहेरचं दार उघडं. राजकुमारीबाईने जाताना कडी लावली नव्हती. एका हाताला पडदा, दुसऱ्या हाताला दार. पडद्याआड पोर जाईल, हे तिच्या मनालाही शिवलं नाही. तिकडे जायचं नाही, हे तिनेच तर पोरीला शिकवलं होतं. आणि घंटी थांबली की कुठे धावायचं, हे घराने तिला शिकवलं होतं.

ती पाण्याकडे धावली.

“खुशी! खुशी गं!”

घरामागून हाक आली आणि सुशीलाबाईचा दंड ताठ झाला. दुसरी हाक आणखी लांबून आली. मग पाण्याचा आवाज. रेणू बोडीत उतरली होती. तिला पोहता येत नाही. कार्तिकातली बोडी काठोकाठ असते, आणि काठापासून दोन हातांवर चिखल पाय धरतो. हे सुशीलाबाईइतकं कोणाला ठाऊक? त्या बाईने आयुष्यभर गावाला हाका घातल्या होत्या. तिने तोंड उघडलं. ओठ हलले. गळ्यावरची पट्टी नुसती फडफडली.

तिने मला हलवलं. मी वाजले नाही.

कापूस ओला होता, घट्ट बसला होता. एका दंडावर पोर. मोकळा हात एकच. तिने एक बोट माझ्या तोंडात घातलं, कापूस आणखी आत गेला. बाहेर रेणूची हाक आता शब्दासारखी राहिली नव्हती. मी पितळेची, मला घाम फुटत नाही. पण त्या घटकेला जी भीती मी पाहिली, ती कवडी रुतली तेव्हाही पाहिली नव्हती. सुशीलाबाईने मला तोंडाशी ओढलं, दोरी दातांत धरली, नखाने कापसाचं टोक पकडलं आणि उपटलं.

मग तिने मला वाजवलं. पाण्यासाठी नाही, गोळीसाठी नाही. कळपातली गाय डोंगर उतरताना वाजवते तसं, न थांबता.

रेणू कमरेपर्यंत पाण्यात होती. घंटी ऐकली आणि तिला राग आला, असं तिने चंदाला सांगितलं. आता काय हवंय हिला? माझी पोर पाण्यात आहे आणि हिला पाणी हवंय? ती आणखी एक पाऊल पुढे गेली. चिखलाने पाय धरला. घंटी थांबेना. अशी ही कधी वाजली नव्हती. आणि मग तिला नियमाची पहिली ओळ आठवली, जी भीतीच्या भरात कधीच आठवत नाही: घंटी वाजून राहिली तं ढोर चरून राहिलं.

तिने पाय उपसला. काठावर हातांनी चढली. घरात आली ती चिखलाचे ठसे उठवत, आणि तिने पडदा बाजूला केला नाही, ओढून फाडला.

खुशी खाटेवर उठून बसली होती, झोपमोड झाल्याने तोंड वाकडं करून. “आई, तू बोडीत काऊन गेलती?”

सुशीलाबाई अजून मला वाजवतच होती. रेणू समोर उभी, तरी हात थांबेना. रेणूने पुढे होऊन मला मुठीत धरलं. तिची मूठ गार होती.

“पुरे, आई. दिसली.”

मग सुशीलाबाईने एक गोष्ट केली. तिने खुशीच्या पाठीला हात लावला आणि तिला हळूच रेणूकडे ढकललं. नजर खाली. दुसऱ्याच्या झाडाखालचा आंबा उचलताना सापडलेली बाई जशी तो परत देते, तशी.

रेणूने पोर घेतली नाही.

“राहू द्या,” ती म्हणाली. आणि ओल्या लुगड्यानिशी तशीच खाटेशी जमिनीवर बसली. बराच वेळ बसली. काही आणलं नाही, काही नेलं नाही. मग खाटेच्या कडेला डोकं टेकून तिने विचारलं, जे त्या घरात इतक्या महिन्यांत कोणी विचारलं नव्हतं.

“आई, भीती वाटते का?”

सुशीलाबाईने तिचा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला. तिथे धडधडत होतं.

“मलेही,” रेणू म्हणाली. मुर्रीची पोरगी पहिल्यांदा इथल्या बोलीत बोलली, आणि तिला ते कळलंही नाही.

पडद्याच्या चिंध्या आता खाटेखाली पडून आहेत. खुशी दुपारी हात धुऊन आजीजवळ झोपते. हात दोनदा धुवावे लागतात. रेणू बदलली म्हणजे फार बदलली, असं समजू नका. योगराज रविवारी गॅरेजला जात नाही. खाटेवर बसून आईचे पाय चेपतो आणि काय बोलावं ते न सुचल्याने गाड्यांच्या बिघाडांची माहिती देतो. ती डोळे मिटून ऐकते. राजकुमारीबाईला रेणूने एकदा सांगितलं, “काकू, रोवण्याचं राहू द्या, जुनं काही सांगा, दोघी तरुण होता तेव्हाचं.” राजकुमारीबाई आधी गोंधळली. मग सांगत बसली, आणि सुशीलाबाईचे खांदे हलले. हसण्याला आवाज लागत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मी फारशी वाजत नाही आता. वाजायच्या आधीच कोणीतरी आलेलं असतं. घंटीच्या नशिबी बेकारी येणं चांगलं की वाईट, हे मला ठरवता येत नाही. पण या घरापुरतं मी ते चांगलं धरते.

तुमच्याकडे अशी खाट असेल, तर माझ्यासारखीच्या भरवशावर राहू नका. माझ्यापाशी एकच शब्द आहे. तो ऐकून तुम्ही पाणी आणाल. बोलावल्याशिवाय जा, आणि रिकाम्या हाताने जा.

आजही दुपार आहे. सुशीलाबाई दोन दिवसांपासून पेज घेत नाही. चंदा सकाळी येऊन गेली. आज बॅग उघडायच्या आधी ती फार वेळ बसली. खुशी आजीच्या दंडावर झोपली आहे, आणि माझ्या तोंडात कापूस आहे. तो आज रेणूनेच घातला.

आता ती दारात आली आहे. मी गप्प आहे. ती पाण्याकडे बघत नाही, खाटेकडे बघते. खुशीचा हात आजीच्या छातीवर आहे. रेणू श्वास धरून उभी राहते, तो हात वर जाईपर्यंत.

गेला. वर गेला.

ती आत येते, आणि बसते.